बंडखोरांचा भात

"सांगून टाक ना रे जनूदादा! कसली भीती हाय तुला?" विमलबाईने पडवीत बसल्या बसल्या विचारलं. भर उन्हात गडब गावाहून ती जनूच्या खांब गावी आली होती.

तिचा मुलगा आदेश आणि जनू एकाच मालवाहू बोटीवर होते. जनू कुक, आदेश त्याच्या हाताखाली. एडन ओलांडल्यावर बंडखोरांनी बोट धरली आणि तेवीसच्या तेवीस जणांना किनाऱ्यावरच्या छावणीत डांबलं. अकरा महिन्यांनी आजारी म्हणून एकट्या जनूला सोडलं. आदेशला बोटीवर चिकटवला होता तोही जनूनेच, "पोर माझ्यावर सोड" असं छातीठोक सांगून.

सुटून आल्यावर आठ दिवस अख्खं खांब त्याच्या पडवीत लोटलं. बंदुका कसल्या, मारलं का, एक ना दोन! जनू नुसती मान हलवायचा. मग लोक यायचे बंद झाले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. चार महिन्यांत घर नुसतं खायला उठलं होतं.

"च्यानलवाला आलेला," विमलबाई म्हणाली. "बोलला, त्या लोकांना हत्यारं कोण पुरवतं ते बघितलेल्या माणसानं सांगितलं, तर आपलं सरकार त्या देशाची मानगूट धरील. पोरं सुटतील."

"कंपनीच्या साहेबांनी तोंड उघडू नको म्हणून बजावलंय."

"चार महिने गप राहिलास. कोण सुटलं?"

बघितलं तर जनूने सगळंच होतं. पहाटे छावणीच्या किनाऱ्याला मचवे लागायचे, लांबट पेट्या उतरायच्या. रेडिओवर बंडखोरांचा पुढारी गर्जायचा, आमचं हत्यार आम्हीच घडवतो! आणि इकडे पेट्यांच्या फळ्यांवर परक्या लिपीतले शिक्के. त्या फळ्या फोडून चुलीत घालायचं काम जनूचं. म्हणजे पुरावा जाळून याने भात शिजवला, आता बोला! पेट्यांमागून दोन परके आले, रॉकेट डागायला शिकवायला. लढणारी पोरं डोंगरातली, पायात धड चप्पल नाही. त्यांचं भांडण आपल्या जमिनीसाठी. पेट्या धाडणाऱ्या देशाला मात्र स्वतःचं माणूस न गमावता शेजाऱ्याचं घर पेटवायचं होतं. हे जनूला कुणी समजावलं नव्हतं. पण ते दोघे जेवायला बसेपर्यंत बंडखोरांचा कमांडरसुद्धा घासाला हात लावत नसे. खरा मालक कोण ते कळायला वाढणाऱ्याला एवढं पुरतं.

त्या दोघांना भाताच्या भांड्याच्या बुडाची खरवड लागायची, आपल्याकडे पोरं भांडतात ना तिच्यासाठी, तशी करपूस. जनूने ती एकदा सवयीने काढून वाढली आणि तिथेच फसला.

"माझा आदेश हाय ना रे?" विमलबाईने एकदम विचारलं. "का नाय, म्हणून तू गप हायस?"

"हाय गो वहिनी, देवाशपथ हाय!" जनूला राहवेना. "मी दुसऱ्याच गोष्टीसाठी गप हाय. सोडायच्या यादीत दोघं होतो. मला कावीळ, आदेशचा ताप हटत नव्हता. पण ते परके बोलले, एक जण चुलीला पायजे. कोण राहतो ते तुम्हीच ठरवा. मी बोललो, आदेशला ठेवा. माझ्याहून चांगली खरवड काढतो."

हायवेवरून दोन ट्रक गेले.

"घरात कधी चूल पेटवली नाय त्यानं," विमलबाई शेवटी म्हणाली. "जमतो त्याला भात?"

"जमतो. मी शिकवलाय." जनूने डोळे पुसले. "तू बोलशील तर आज च्यानलवाल्याला सगळं सांगतो. मचवे, पेट्या, मी चुलीत जाळलेल्या फळ्या, त्यांच्यावरचे शिक्के, सगळं."

"फळ्या आता कोण जाळतं?"

जनूने तोंड फिरवलं.

"आदेशच ना? मग तुझ्या तोंडून शिक्क्यांचं फुटलं तर ते आधी कुणाला धरतील?" विमलबाई उठली. "नको सांगू. कुणालाच नको सांगू. मीपण नाय सांगणार."

पाणीसुद्धा न पिता ती निघाली. जनू छत्री घेऊन धावला. फाट्यावर उन्हाचा नुसता फुफाटा होता आणि गाडीचा पत्ता नव्हता. त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

ती एक पाऊल बाजूला, उन्हात सरकली.