दहा मिनिटं ओलं

नऊ नंबरच्या खोलीतला पलंग मावशींनी औषधाच्या पाण्याने पुसला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मॉप आडवा धरून त्या दारात उभ्या राहिल्या. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वाअकरापर्यंत पलंग ओलाच राहायला हवा होता, कारण त्या औषधाला जंतू मारायला दहा मिनिटं लागतात. डब्यावर तसं ठळक छापलेलं आहे. पण एवढ्या शिकलेल्यांच्या हॉस्पिटलात ते वाचायला वेळ मिळाला होता तो एकट्या सफाईवालीला.

इथे त्यांना सगळेच मावशी म्हणायचे. नातं हाक मारण्यापुरतं, वागणूक मात्र सावत्र.

दारासमोर व्हीलचेअरवर एक आजी बसल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, चेहरा दुखण्याने आंबलेला. मागे त्यांची मुलगी उभी होती.

"मावशी, व्हा बाजूला. आईला बसवत नाहीये."

"दहा मिनिटं थांबा, ताई."

"एक पलंग पुसायला दहा मिनिटं? फुकटचा पगार घेता का?"

तेवढ्यात सिस्टर आल्या, कानाला फोन लावलेला. "हो सर, झालाच बेड." फोन ठेवून म्हणाल्या, "मावशी, कोरडं फडकं मारा आणि मोकळ्या व्हा. खाली तीन पेशंट ताटकळलेत."

मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या महिन्यात हेच शब्द ऐकून त्यांनी हाच पलंग तिसऱ्या मिनिटाला कोरडा केला होता आणि दारामागच्या सफाईच्या नोंदीच्या कागदावर सही ठोकली होती. आधीच्या पेशंटचा संसर्ग नव्या आलेल्या आजोबांना लागला. आठवड्यात ते गेले. चौकशीत घाई करणारे सगळे नामानिराळे राहिले. सही मावशींची, म्हणून मेमोही मावशींना. चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसरा मेमो आला की घरी बसायचं, असं ठेकेदाराने बजावलं होतं. पण त्याहून वाईट म्हणजे, आजोबांच्या बायकोने जाताना मावशींचे हात धरून आभार मानले होते.

"नाही पुसणार," मावशी म्हणाल्या.

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही, सिस्टर. हे घ्या फडकं, तुम्ही पुसा. आणि हे पेन. सहीही तुम्हीच करा."

सिस्टरांचा हात खिशातून बाहेर आला नाही. "सही सफाईवाल्यांनी करायची असते."

"कसली सही?" मुलीने विचारलं.

"मावशी, पेशंटसमोर नको."

"रोग यांच्या अंगात जाणार आणि बोलायचं मात्र यांच्यासमोर नाही?" मावशींनी औषधाचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, स्वतःची चूकही लपवली नाही.

मुलीचा चेहरा उतरला. ती सिस्टरांकडे वळली. "करा ना सही. करा, आम्ही आत्ता आत जातो."

सिस्टरांनी पेन घेतलं नाही. फोन पुन्हा वाजला.

"नाही सर, बेड तयार नाही." पलीकडून कारण विचारलं गेलं. सिस्टरांनी एकदा मावशींकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मावशी ऐकत नाहीत, सर."

दुसरा मेमो कुणाच्या नावाने निघणार, हे मावशींना कळलं. त्यांनी मॉप तसाच आडवा धरला.

"आजी, अजून चार मिनिटं," त्या म्हणाल्या. "मग खुशाल झोपा."