नळाला पाणी कधी येतं

निसारला रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली, बायकोला सातवा महिना लागला, आणि तो आईला न्यायला कसबा बावड्याला आला. तिथंच तानाबाईचं डोकं फिरलं. लालबी म्हणजे निसारची आई, आणि तानाबाई तिची शेजारीण. दोन घरांत एकच भिंत. निसार जन्मायच्या आधीपासून दोघी रोज सकाळी त्या भिंतीच्या दोन्ही अंगांनी भांडत आल्या होत्या. आता लालबी गेल्यावर तानाबाईनं भांडायचं कुणाशी? नवऱ्याशी? आण्णा साखर कारखान्यातनं यायचा, जेवायचा आणि घोरायचा. त्यापेक्षा भिंत बरी.

पण ‘जाऊ नको’ म्हणायचा तानाबाईचा स्वभाव नव्हता. ती लालबीच्या घरी पुढच्या सोप्यात येऊन ऐसपैस बसली आणि निसारला म्हणाली, "खोली कुठं घेणार म्हणं?"

निसारनं तीन जागा बघून ठेवल्या होत्या. आईला विचारून एक पक्की करायची, असा बेत. लालबी तांदूळ निवडत होती. त्यानं तिच्याकडं तोंड करून सांगायला घेतलं, "अम्मा, एक मिरकरवाड्यात हाय. कारखाना जवळ पडतोय. बंदराला लागूनच."

"म्हंजे मासळीचा वास," तानाबाई म्हणाली. "हिचं डोस्कं उठतंय वासानं."

लालबी दर आठवड्याच्या बाजारातनं सुकट आणायची आणि त्यातलं निम्मं तानाबाईच्या घरात जायचं. त्याचा कुणी उल्लेख केला नाही.

"दुसरी राजिवड्यात. खाडीच्या काठाला. भरतीला पाणी पार गल्लीच्या तोंडापतोर येतंय."

"आणि?"

"आणि जातंय परत."

"रोज?"

"रोज. दोन डाव."

"ह्यात काय अर्थ हाय?" तानाबाई तापली. "आमची पंचगंगा वर्षातनं एकदा येती, काय न्यायचं ते न्हेती आणि गप पडती. रोज येऊन जाणाऱ्या पाण्याचा काय भरवसा? तिसरी सांग."

"एसटी स्टँडाच्या मागं. पर तिथं रात्रभर भोंगं."

"आणि धूर. नगं. एवढी मोठी रत्नागिरी, आणि माणसानं ऱ्हाण्याजोगी एक जागा गावंना तुला?" तानाबाईनं मांडीवर हात आपटला. तिच्या मनानं विषय मिटला होता.

मग इतका वेळ एक शब्द न बोललेल्या लालबीनं सूप न थांबवता विचारलं, "नळाला पाणी कधी येतं रं?"

"कुठल्या खोलीत?"

"कुठल्याबी."

तानाबाईनं दोन पोरी नांदायला धाडल्या होत्या, तिला कळत होतं. जिला जायचं नसतं ती बाई समुद्र किती लांब ते विचारते. नळाचं विचारणारी मनानं केव्हाच हंडा घेऊन तिथल्या रांगेत उभी असते. आणि का नसावी? पहिलं नातवंड होतं. तानाबाईला एकदम रडू फुटलं, आणि ते तिनं निसारवर काढलं.

"स्टँडामागची घे, मुडद्या!"

"मावशी, आत्ता तर तू धूर म्हणालीस."

"धूर हिला लागंल, मला काय? मी घाटातनं गाडी लागून वकत वकत येणार. गाडीतनं उतरल्याबरोबर दार दिसलं पायजे. तुजा मिरकरवाडा कुठं हुडकत बसू?"

लालबीनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "त्यीच घ्यायची हे मी कवाच ठरवलं हुतं," ती म्हणाली. "म्हटलं, हिचं बोलून हू दे."

"मग मगापास्नं तुजं त्वांड शिवलं हुतं काय गं?"

"तू बोलू दिलंस तर बोलू न्हवं!"

तानाबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि कंबर कसून भांडायला बसली. रत्नागिरीची गाडी सकाळची होती; अजून अख्खी रात्र हातात होती.