सात जास्तीचे विणकर

दारासुरमच्या विणकर सोसायटीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या पडद्यावर झळकणाऱ्या तक्त्याकडे बोट करून भुतंखेतं उतरवणारे साईरामस्वामी गरजत होते, "साध्या काठाचे विणकर सव्वीस, बुट्ट्यांचे एकवीस. झाले सत्तेचाळीस. आणि तळाला एकूण किती? चाळीस. सात जण विणतात, पण माणसांत धरले जात नाहीत. कोण ते? यंत्राला पोट नाही, ते कशाला खोटं बोलेल?"

लोकांनी भीतीनं देवाचं नाव घेत पटापट गालांवर बोटं मारून घेतली.

उपाय तयारच होता. पिशाच्च बसलेले सात माग अठ्ठेचाळीस दिवस कुलपात. पहिला सुब्बलक्ष्मीचा, कारण तिचा नवरा त्याच मागावर बसल्या बसल्या गेला होता. त्याच्यामागे दोन मुलींचं पोट त्याच मागावर चालतं, एवढं मात्र स्वामींच्या दिव्यदृष्टीला दिसलं नाही. अध्यक्ष कृष्णमूर्तींनी कुलूप आणायला माणूसही धाडला.

तक्ता बनवला होता कीर्तनानं. कुंभकोणमच्या मराठी घरातली मुलगी, महिन्यापूर्वीच सोसायटीच्या संगणकावर बसू लागलेली. आपल्या आकड्यांनी एका बाईची चूल विझणार, याची तिला भीती वाटली आणि लाजही. गटांमधली नावं तिनं पुन्हा एकदा वाचली आणि उठून ती अध्यक्षांना म्हणाली,

"सार, कुलपाआधी एकदा माणसं मोजू. या महिन्यात साध्या काठाची साडी विणली त्यांनी डावीकडे या."

सव्वीस जण आले.

"आता बुट्ट्यांची विणली त्यांनी उजवीकडे."

चौदा जण जागेवरून उठले, आणि सात जण डावीकडच्या रांगेतूनच निघून तिकडे गेले. सुब्बलक्ष्मी त्यांत पुढे होती.

"तुम्ही तर इकडे होता ना, अक्का?" कीर्तनानं विचारलं.

"सोसायटीनं दिलेला साध्या काठाचा ताणा पंधरवड्यात संपला, मग बुट्ट्यांचा चढवला. लग्नाचे दिवस, माग रिकामा कोण ठेवील?"

कीर्तना सगळ्यांकडे वळली. "या सातांची नावं दोन्ही गटांत येतात. तळाची ओळ म्हणजे वरच्या आकड्यांची बेरीज नव्हे. ती सगळ्यांना नव्यानं मोजते, माणूस एकदाच. तिन्ही आकडे बरोबर आहेत."

पिशाच्चं मनुष्यरूपही घेतात, असं स्वामी पुटपुटले. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि स्वामी चपला शोधू लागले.

"आकडे जुळले नाहीत तर आधी विचारा, कसे मोजले," कीर्तना म्हणाली. "कोणाच्या मागाला कुलूप घालायचं ते त्यानंतर."

कृष्णमूर्तींना मान वर करवेना. सुब्बलक्ष्मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सार, पिशाच्च मीच निघाले. माझा ताणा चार दिवसांत संपतोय. पुढचा कधी देताय?"