गंजलेली कडी आणि आडवा वारा

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पण मला घेऊन कोणी बाजारात जात नाही, कारण मी दोन्हीकडून उघडी. छोट्या विमानतळावर धावपट्टीशेजारच्या उंच खांबावर माझं बिऱ्हाड. वारा तोंडात शिरला की मी फुगते आणि वैमानिकाला वरूनच कळतं, वारा कुठून येतोय आणि किती जोरात.

तंबू शिवणाऱ्या कारागिराने मला दुहेरी टाके घालून शिवलं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा माझा थाट काय विचारता! मेकॅनिककाका रोज सकाळी, मी जिच्यावर वळते ती कडी हाताने फिरवून तिला तेल घालायचे. मग कार्यालयात वाऱ्याचे आकडे दाखवणारा पडदा आला आणि गरज सरो, वैद्य मरो, अशी माझी गत झाली. रंग विटला, कडी गंजली. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी विमान चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांची विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर गेली. कुंपणाशी तिची दोन मुलं आजोबांचा हात धरून उभी होती. ती वर असतानाच आडवा वारा सुटला आणि नेमका तेव्हाच पडदा बंद पडला.

मास्तर रेडिओवर म्हणाले, “पडदा गेलाय. पिशवी बघून उतर.”

वारा माझ्या कुशीवर आदळत होता, पण कडी हलेना. तोंड भलतीकडे, त्यामुळे मी ढिली लोंबत होते. वरून वाटावं, वारा नाहीच. तिने विमान सरळ आणलं. जमिनीजवळ येताच वाऱ्याने ते गवताकडे ढकललं. तिने इंजिनाचा जोर वाढवला आणि ती पुन्हा वर गेली.

“मास्तर, माझं काय चुकलं?” तिने रेडिओवर विचारलं.

“काही नाही. परत वर गेलीस, तेच शहाणपण. एक फेरी मार.”

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. “गवत आडवं झालंय आणि ही बया निवांत? कडी गंजून अडकलीय हिची.” ते शिडी घेऊन धावले. तेल घातलं, हातोडीचे ठोके दिले, आणि मी गर्रकन वळून टम्म फुगले.

या वेळी ती नाक वाऱ्याकडे तिरपं ठेवून खाली आली. अगदी शेवटी नाक सरळ केलं, वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवला. आधी त्या बाजूचं चाक टेकलं, मग दुसरं, मग पुढचं. कुंपणाशी मुलं उड्या मारत होती.

ती विमानातून बाहेर येताच काका खाली मान घालून म्हणाले, “पोरी, तेल घालायचं मीच सोडलं होतं.”

“उद्यापासून आपण दोघं मिळून घालू, काका.”

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कौतुक नको. वेळेवर थेंबभर तेल तेवढं घाला. आमच्या भरवशावर कुणाची तरी आई घरी परतत असते.