तरटावरची तीन अक्षरं

अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिकडच्या कापसाऐवजी विलायतेला वऱ्हाडचा कापूस लागत होता. त्या दिवसांत अकोल्यात महादेवरावांच्या हाताला उसंत नव्हती. एका सौदागराच्या आवारात ते रुईच्या गाठींवर इंग्रजी अक्षरं रंगवत. पितळी साचे होते, पण घाई असली की साचा बाजूला ठेवून ते हातानेच लिहीत. अमरावतीत पाद्र्याच्या शाळेत तीन वर्षं काढली होती, तेवढ्या इंग्रजीवर त्यांचं घर चाललं होतं.

चैत्रातल्या एका सकाळी आवाराच्या फाटकात दोन माणसं येऊन उभी राहिली. पागोट्याखाली पार वाळून गेलेला एक म्हातारा आणि त्याच्यामागे डोईवर पदर घेतलेली, पंचविशीची बाई. म्हातारा किसनराव, दर्यापूरचा माळी. बाई त्याची सून शकुन.

"इंग्रजी वाचते ते महादेवराव तुमीच का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मीच. काय काम होतं?"

शकुनने काखेतलं गाठोडं सोडलं. आत एक उपरणं, चुन्याची डबी आणि बैलाच्या गळ्यातली एक घंटी होती. तिचा नवरा भगवंत शिमग्याच्या आधी दुसऱ्याच्या कापसाची गाडी घेऊन अकोल्याला आला होता. गाडी परत गेली ती दुसराच कोणी हाकत. त्यानंतर पंधरा दिवसांनी हे गाठोडं घरी पोचलं. एका गाडीवानानं दुसऱ्याजवळ दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याजवळ. दर्यापूरच्या भगवंत माळ्याच्या घरी द्या, एवढंच तिसऱ्याला ठाऊक होतं. मूळ कोणी दिलं आणि काय सांगून दिलं, ते वाटेतच राहिलं.

"हे ज्यात बांधलं होतं ना, त्याच्यावर काई लिवलं आहे," शकुन म्हणाली. "तिथंच असतीन ते. जिथलं हे तरट, तिथंच."

तिने फाटकं तरट पसरलं. डांबराने काढलेली वीतभर उंचीची तीन अक्षरं. एल, ई, आर. दोन्हीकडून तरट फाटलेलं, आणि आरच्या पुढे फाटलेल्या कडेशी एक तिरपी रेघ.

महादेवरावांनी ती अक्षरं वाचली नाहीत, ओळखली. आरचा पाय इतका लांब ओढायची खोड त्यांचीच होती. फाल्गुनात सरकारी साहेबाच्या कारकुनाने त्यांच्याकडून दोन तरटं लिहून घेतली होती, मोर्णा नदीच्या पलीकडच्या छपरांवर बांधायला. गोऱ्या लोकांनी चुकून तिकडे पाऊल टाकू नये म्हणून. पुढची तिरपी रेघ म्हणजे ए. अख्खा शब्द कॉलरा. पटकी.

"काय लिवलं आहे, भाऊ?"

त्यांनी मान वर केली. बाईच्या चेहऱ्यावर आशा होती. कुठल्या तरी गावाचं, कुठल्या तरी धन्याचं नाव निघेल आणि तिथे जाऊन माणूस हाताला धरून आणता येईल, अशी साधी आशा.

"अर्धाच शब्द आहे हा," ते म्हणाले. "ही तीन अक्षरं पुष्कळ शब्दांत येतात."

"कोणत्या कोणत्या?"

"आता... बॉयलर. इंजिनात वाफ करतात ते भलंमोठं लोखंडी भांडं. गावाबाहेर गाठी दाबायचं यंत्र बसवून राहिले, तिथं आलं आहे."

"माणसं लागत असतीन तिथं," किसनराव सुनेला म्हणाले.

आणि दोघं उन्हात तिकडे चालायला लागली. त्यांना हाक मारून परत बोलवावं, असं महादेवरावांना ती दिसेनाशी होईपर्यंत वाटत राहिलं. मग गाडी आली, हमालांनी गाठी उतरवल्या आणि ते कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा हजर. बॉयलरपाशी दिवसभर बसून सुटीच्या वेळी एकेका मजुराचं तोंड पाहिलं होतं. भगवंत नावाचा कोणी नव्हता.

"दुसरा शब्द सांगा," शकुन म्हणाली.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण आदल्या दिवशी खोटं बोललो, हे आता कबूल करावं लागणार होतं. महादेवरावांनी "डीलर" म्हणून सांगितलं. डीलर म्हणजे व्यापारी. ताजनापेठेत एका व्यापाऱ्याच्या दारावर तशी पाटी होती. पाटी दाखवायला ते स्वतः त्यांच्यासोबत गेले. एवढं केलं की आपल्याला जरा बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं.

शकुनने भिंतीशी उभं राहून तरट पाटीखाली धरलं. लिहिता-वाचता न येणारी ती बाई एकेका अक्षरावरून बोट फिरवत होती, निवडायला घेतलेल्या भाजीवरून फिरवावं तसं.

"अक्षरं तेच आहेत," ती म्हणाली. "पण ह्याचा पाय आखूड आहे. आपल्याचा लांब आहे. आन् इथं शब्द सरला. आपल्याले पुढं ही तिरपी रेघ आहे. ते कोणतं अक्षर, भाऊ?"

"डाग असेल डांबराचा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तरटाची घडी केली आणि सासऱ्यासोबत व्यापाऱ्याच्या ओट्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच आवारात आली. किसनरावांचे पाय सुजले होते, ते धर्मशाळेत पडून होते. महादेवराव पाठमोरे बसून एका गाठीवर हाताने लिहीत होते. ती कधी येऊन मागे उभी राहिली, त्यांना कळलंच नाही. त्यांनी आरचा पाय खाली ओढला.

"हे तरट तुमीच लिवलं," ती म्हणाली.

कुंचला हातातच राहिला. डांबराचा थेंब धोतरावर पडला.

"हो."

"मंग काय लिवलं ते तुमाले पहिल्याच दिशी ठाऊक होतं."

"होतं."

"सांगा."

त्यांनी सांगितलं. नदीपलीकडची छपरं, पटकीचे रोगी, गाडीतळावरून उचलून नेलेली माणसं, सगळं सांगितलं. ती उभीच होती. खाली बसून तिने जमिनीला हात टेकला आणि उठली.

"बुडा सासराबी येईन. आमाले तिथं घेऊन चाला."

सासऱ्याला तिनेच सांगितलं. काय सांगितलं ते महादेवरावांनी ऐकलं नाही, ते धर्मशाळेबाहेर थांबले होते. किसनराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि पागोटं डोक्यावर नव्हतं.

नदीपलीकडे छपरं उरली नव्हती. काळी राख आणि अर्धवट जळलेले बांबू. बाजूच्या मळ्यात मोट चालली होती. मळेवाली पार्बताबाई पदराने नाक झाकून बांधावर आली.

"काल सकाळी जाळलं सारं," ती म्हणाली. "साथ उतरली म्हणत होते."

"मेले त्यायले कुठं ठेवलं?" किसनरावांनी विचारलं.

तिने बोट दाखवलं. बाभळीच्या पलीकडे ओळीने उंचवटे होते. लाकूडफाटा पुरला नाही म्हणून सगळ्यांना पुरलं होतं. सतरा उंचवटे. एकावरही दगड नाही, खूण नाही.

"यातला दर्यापूरचा कोणता?"

"रामराव होता इथं, मढे वाहणारा. त्याले साऱ्यायचं ठाऊक होतं. हा कोणत्या गावचा, तो कोणत्या गावचा, पाठ होतं त्याले. मेलेल्यायच्या चिजा बी त्यानंच धाडल्या घरोघर. काल दुपारी गेला तो गाडीवर बसून. बाळापूरकडं का कोणीकडं, देवाले ठाऊक." मग तिला त्यांची दया आली असावी. "परवा आले असते तं हात लावून दाखवलं असतं त्यानं."

शकुन महादेवरावांकडे वळली.

"परवा आमी त्या भांड्यापाशी बसलो होतो," ती म्हणाली. "आन् काल ताजनापेठेत. काहून, भाऊ?"

"हिंमत झाली नाही, बाई."

"तुमाले काय करायचं होतं? सांगायचंच तं होतं."

दया आली म्हणून गप्प राहिलो, असं ते दोन दिवस स्वतःला समजावत होते. आता त्या सतरा ढिगांसमोर ते शब्द तोंडातून निघेनात.

किसनराव पहिल्या उंचवट्यापाशी गेले. ओंजळभर पाणी सोडलं आणि म्हणाले, "भगवंता, हे घे." मग दुसऱ्यापाशी गेले. तिथेही तेच. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तोच आवाज, जसा मुलगा खरंच तिथे आहे आणि हाक ऐकणार आहे. अकराव्यापाशी तांब्या रिकामा झाला. म्हातारा तांब्या उलटा करून पाहत राहिला.

महादेवराव पुढे झाले. "द्या, मी भरून आणतो," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

शकुनने सासऱ्याच्या हातातून तांब्या घेतला आणि महादेवरावांच्या हाताला वळसा घालून ती मोटेकडे चालू लागली. भरून आणलेला तांब्या तिने किसनरावांना दिला नाही. उरलेल्या सहांवर तिनेच पाणी घातलं, नाव न घेता.

दुपार टळायच्या आत दोघं दर्यापूरच्या वाटेला लागली. महादेवराव बाभळीखाली उभे होते. त्यांना कोणी रामराम केला नाही.