शाफ्टवरची चरी

सगुणानं पितळेचा आकडा सीलच्या ओठाखाली घातला आणि झटका दिला. सील सुटून टेबलावर पडलं. रबराचा ओठ उंदरानं कुरतडल्यासारखा झाला होता. तिनं शाफ्ट फडक्यानं पुसला, त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"चरी पडलीय," ती म्हणाली.

कमळाकरशेठ मोबाइलवर होता. त्यानं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. रोह्याच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडचा तो मालक. ऐकलं नाही असं दाखवणं हाच त्याचा अर्धा धंदा.

जमिनीखालून आडवं भोक पाडत जाणारी मोटर होती ती. पंपानं चिखल ढकलायचा, त्या जोरावर शाफ्ट फिरतो, पुढचं दातेरी डोकं माती खातं. चिखल नीट गाळला तर लोण्यासारखा असतो. पण गाळत बसायला वेळ कुणाला? तीच वाळू पुन्हा पुन्हा आत जाते आणि लोखंड खरवडते. चिखल आणि बेअरिंग यांच्या मधे काय, तर हे सील, बांगडीएवढं रबर.

"शेठ, शाफ्ट क्रोमला पाठवा, मुलामा चढवून चरी भरून आणा. या चरीवर नवं सील लावलं तर वाळू तिथंच दबा धरून बसेल. अर्ध्या वाटेत सील खाईल."

"मशीन साइटवर उभं आहे. संध्याकाळी गाडी येतेय. खाली सोडण्याआधी ते बांधावर चिखल देऊन मोटर फिरवून बघतात. तेवढ्यात ती गळत नाही. आपलं काम संपलं."

"आणि खाडीच्या पोटात अडकली तर?"

"काढतील खणून."

कुठं खणतील ते तिला ठाऊक होतं. पाइपलाइन जाणार होती कासूपलीकडच्या तिच्या माहेराच्या बांधाखालून. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गावाचा भात. बांध खणला की भरतीचं पाणी आत. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पावसाळ्यांमागून पावसाळे जातात, दाणा पिकत नाही.

देवळातल्या बैठकीत गाव नाहीच म्हणत होतं. सगळ्यांत मोठा आवाज तिच्या भावाचा, दत्तात्रेयचा. बांधातली उघाडी सांभाळायचं काम त्यांच्या घराकडे होतं. उघाडी म्हणजे बांधाची झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरती आली की खाडीच्याच दाबानं गच्च मिटते. त्या बैठकीत सगुणा उभी राहून बोलली होती.

"वर कुदळ लागनार नाय. मोटर खालून जाईल, आनि तिचं सील माझ्या हातचं हाय."

माहेरवाशिणीचा शब्द. गाव हो म्हणालं. कंपनीच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, चिवड्याच्या पुड्या वाटल्या.

"मी नाय बसवत," ती आता म्हणाली.

"नको बसवू. प्रणित बसवेल." पलीकडच्या टेबलावरचा फिटर प्रणित मान खाली घालून पाना पुसत राहिला. "पण गावात नाव तुझंच राहणार ना, सगुणाबाई? बैठकीत तू बोललीस. प्रणित नाही." शेठ हसला.

गावाला सांगावं? गाव उद्याच काम बंद पाडेल. मग बंदोबस्तात पोकलेन येईल आणि बांध वरूनच फाडला जाईल. आजूबाजूच्या गावांत तिनं हेच बघितलं होतं. ज्याच्या हाती कागद, त्याच्या बापाचा बांध.

ती नवं सील बोटांत फिरवत राहिली. सीलचा ओठ दाबाकडे तोंड करून बसवायचा, म्हणजे दाबच त्याला मिटवतो. हे तिला या शेडमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. उघाडीच्या फळीला गोणपाट ठोकताना बापानं दाखवलं होतं.

"होतंय का?" शेठनं विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाठ केली. ग्रीस लावलं, सील चढवलं, लाकडी ठोकळ्यानं ठोकून बसवलं. वर कव्हर. बोल्ट आवळले.

"झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच दत्तात्रेयचा फोन आला. शेठ टेबलाशीच उभा होता.

"सगुने, काय केलंस गो तू? मोटर खाली जायच्या आधीच बांधावर ओकली. त्याल न चिखल, सायबाच्या बुटांवर!"

"खाली नाय गेली?"

"कुठची जाते! तिथंच उघडली. सायेब बोलतो, सील उलटं बसवलंय. सगले हसतायत. बाईमानसाला कोनी बसवलं या कामाला, बोलतात."

"चुकलं माझं."

"गावाला काय सांगू? तुझ्या शब्दावर गाव उभं व्हतं."

"तेच सांग. चुकलं तिचं."

फोनमध्ये खाडीवरचा वारा घोंघावत राहिला.

"उघाडीची फळी कधी उलटी लावशील का गो तू?" तो हळू म्हणाला. "झोपेत तरी?"

सगुणानं टेबलावरचा पितळेचा आकडा उचलला, पुसला, खिळ्याला अडकवला.

"शाफ्ट बघितला का सायबानं?"

"बघतोय. पुसला. नख फिरवतोय त्याच्यावर." तो थांबला. "आता हसत नाय."

शेडमध्ये कमळाकरशेठचा मोबाइल वाजायला लागला. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.