कुठेही न जाणारी स्कूटर

संध्याकाळी खाडीवरून तिरकं ऊन येतं ना, तेव्हा आमच्या दारासमोरचा हायवे रस्त्यासारखा दिसतच नाही, पाण्यासारखा दिसतो. पुलावरून उतरणाऱ्या गाड्या त्या उजेडात तरंगत येतात, आवाज मागाहून येतो. ओसरीत बसून केळीच्या सोपटाने मोगऱ्याच्या कळ्या बांधता बांधता माझा डोळा लागायचा, आणि त्या अर्धवट झोपेत वाटायचं, हे पाणी जरा ओसरू दे म्हणजे आमची लेक प्रफुल्ला पलीकडून चालत येईल.

चालत म्हणजे कुबडी टेकत. मागच्या वर्षी याच रस्त्यावर एका मोटारीने तिला उडवलं. जीव वाचला, डावा पाय मात्र नावापुरता राहिला. काजूच्या कारखान्यात ती सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करते. कारखाना रस्त्याच्या त्या अंगाला, घर या अंगाला. नोकरी सोड म्हटलं, तर म्हणाली, "अम्मा, पाय गेला तो गेला, आता हातही बांधून बसू होय?"

पलीकडची बाजू चढाची, तिथे गाड्या धापा टाकत जातात. घात होतो तो आमच्या बाजूला, पुलाच्या उताराला. दुभाजकाच्या फटीत प्रफुल्ला उभी राहायची आणि गाड्या तिच्या पदराला वारा घालत सुटायच्या.

माझे यजमान सेसप्प पूजारी. सगळा जन्म त्यांनी उडुपी-मंगळूर एक्स्प्रेस बस चालवली. इथल्या बसवाल्यांची एक रीत आहे. पुढे पोलीस वेग मोजत उभे असले, की समोरून येणारा दोनदा दिव्यांचा डिपर मारतो आणि खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबतो. म्हणजे सावकाश, पुढे मामा बसलाय. मग ओळख असो, वैर असो, दोघांची शर्यत लागलेली असो, हा इशारा द्यायचाच. आणि खोटा कधी म्हणजे कधी द्यायचा नाही. खोटा देणाऱ्याशी कुणी चहासुद्धा पीत नाही. सेसप्पण्णाचा इशारा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणायचे, आणि हे ऐकून आमचे हे असे फुलायचे की विचारू नका.

अपघातानंतर पोलीस ठाण्याने आमच्या दारातल्या झाडाखाली एक हवालदार बसवला. गुरुशांतप्पा त्याचं नाव, घाटावरचा, आमच्या दमट हवेला रोज शिव्या घालणारा. हातात वेग मोजायची ती बंदूक. अहो, काय सांगू, उतारावरच्या गाड्या सासुरवाडीला आलेल्या जावयासारख्या चालू लागल्या! प्रफुल्ला निवांत यायची. मी गुरुशांतप्पाला रोज ताक द्यायची.

यजमानांना ते बघवत नव्हतं. "दंडाने कुणाला अक्कल येत नाही," ते कुरकुरायचे. "हा इथून उठला की पुन्हा सगळं तेच."

"अक्कल गेली खड्ड्यात," मी म्हणायची. "पोरगी या काठाला लागेपर्यंत त्यांचा पाय ब्रेकवर राहू दे, माझं भागलं."

"ज्याने तिला उडवलं, तोसुद्धा मागच्या नाक्यावर गोगलगाय होऊन आला होता. कुणीतरी डिपर मारला असणार. नाका संपला आणि सुटला." तो डिपर मारणारा आपल्याच बसवाल्यांपैकी कुणी असेल, हे त्यांना आतून खात होतं.

मग कुठे कसला बंदोबस्त लागला आणि गुरुशांतप्पाला तिकडे नेलं. मी ठाण्यात जाऊन भांडून आले. बघू म्हणाले. त्याच संध्याकाळी प्रफुल्ला फटीत उभी राहिली ती दिवेलागण झाली तरी तिथेच. एक पाऊल टाकायची, परत घ्यायची. यजमान दारात उभे राहून बघत होते. ताटावर बसले, पण घास उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटायच्या वेळेला त्यांनी आपली जुनी स्कूटर काढली, पुलाकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला स्टँडवर चढवली आणि चालू करून वर बसले.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठेही नाही."

उतारावर पहिली मोटार दिसली. यांनी दोनदा डिपर मारला, हात काढला, तळवा खाली दाबला. उलट्या बाजूने येणारे महाभाग आमच्याकडे काय कमी आहेत, लोकांना वाटलं असेल आलाय कुणी पुढून. मोटार हळू झाली. मागचीही झाली. त्या उन्हात ती स्कूटर फटफटत होती, जागची हलत नव्हती, आणि तिच्यासमोर सगळं पाणी संथ होत गेलं. प्रफुल्ला आली. मी मोगरा हातात धरून बघत राहिले, डोळे भरून आले.

"पोलीस कुठे आहे पण?" मी रात्री विचारलं.

"नाही कुठे," ते म्हणाले आणि कूस बदलली.

खोटं किती दिवस टिकणार? मोटारवाले रोज नवे, पण बसवाले तेच. आठवडाभरात कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी कधी न थांबणारी एक्स्प्रेस आमच्या दारात थांबली. दयानंद खाली उतरला. यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, आता स्वतः मिशीवाला ड्रायव्हर.

"सेसप्पण्णा, तुम्हीसुद्धा?" तो ओरडला. "रोज ब्रेक मारतोय, रोज वेळ चुकतेय, मालकाची बोलणी खातोय, आणि पुढे कुत्रंसुद्धा नाही! उद्या खरा इशारा कोण मानेल हो? म्हातारपणी नाव का घालवताय?"

बसमधली माणसं खिडक्या बडवत होती. यजमान स्कूटरवरून उतरले नाहीत, मान वर केली नाही. मला असा संताप आला! "त्यांना काय विचारतोस," मी म्हटलं, "जरा मागे वळून बघ."

तो वळला. बसला वळसा घालून एकामागून एक मोटारी सुसाट निघाल्या होत्या. फटीत प्रफुल्ला उभी होती. तिने कुबडी पुढे टाकली आणि मागे घेतली. पुन्हा टाकली, पुन्हा मागे घेतली. दयानंद बघत राहिला. बसमधून कुणीतरी त्याच्या आईबापाचा उद्धार केला, तेव्हा कुठे तो हलला, बसमध्ये चढला आणि गेला.

त्यानंतर कुठल्याही बसने यांच्यासाठी हॉर्न वाजवला नाही. आधी जाता येता सगळे वाजवायचे. हे स्कूटरवर बसल्या बसल्या वाकायला लागले. तरी रोज बसायचे.

आणि मग ताप आला. सडकून. उठायला गेले ते भिंत धरून खाली बसले. बाहेर ऊन तिरकं झालेलं, कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला. "स्कूटर," ते म्हणाले, "वारिजा, स्कूटर!"

मी धावले. किक मारली, ती मेली काही सुरू होईना. पुन्हा मारली. पदर सुटला, केस सुटले, घाम डोळ्यांत गेला, मी तिला नाही नाही ते बोलले. मान वर केली तर प्रफुल्ला फटीत पोचलेली, आणि पुलाच्या माथ्यावरून मोटारींची रांग उतरत होती.

तेवढ्यात पलीकडच्या चढावर दयानंदची एक्स्प्रेस दिसली. तिचे दिवे लागले, विझले, लागले, विझले. खिडकीतून हात बाहेर आला आणि तळवा खाली दाबला गेला. तिच्या मागच्या बसनेही तेच केलं. त्यामागच्या मासळीच्या टेम्पोनेही केलं. चढभर ते दिवे उघडमीट करत होते, आणि उतारावरची मोटारींची ती रांग संथ झाली, इतकी संथ की मला चाकं मोजता आली असती.

प्रफुल्ला आली, कुबडी टेकत, आपल्या चालीने. "अम्मा, केस सोडून रस्त्यात काय उभी आहेस? लोक बघतायत," म्हणाली.

घरात गेलो. यजमानांनी तिच्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, मग माझ्याकडे.

"सुरू झाली स्कूटर?"

"नाही."

"मग पोलीस आला?"

"नाही हो. दयानंदने डिपर मारला. मागच्यांनीही मारला. सगळ्यांनी."

ते तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत राहिले.

"पुढे मामा नाही हे माहीत असून?" मी म्हटलं. "खोटा इशारा दिला म्हणायचा त्यांनी."

"खोटा कसा?" ते म्हणाले. "पोरगी होती ना रस्त्यात."

मला रडू आवरेना. मग मी नाक पुसलं आणि त्यांच्यापुढे पेजेची वाटी धरली.